राजापूर : वखार, गंगा आणि गाळात रुतलेलं बंदर

अर्जुनातीर

राजापूर म्हटलं की दोन गोष्टी निघतात. महाराजांनी इंग्रजांची वखार खणली ती, आणि दर तीन वर्षांनी कोरड्या कुंडांत अचानक येणारी गंगा. दोन्ही खऱ्याच. पण या दोन्हींच्या मधे एक अख्खी बाजारपेठ आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझं आजोळ तिथलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

नकाशा उघडून बघा. समुद्र राजापूरपासून चांगलाच लांब, खाडीचं तोंड जैतापूर-मुसाकाजीला. मग बंदर इतकं आत का? कारण भरतीचं पाणी अर्जुना नदीतून इथवर चढायचं आणि इथून वर नदी उथळ, खडकाळ. मोठी गलबतं खाली थांबायची, माल पडावांत, म्हणजे लहान होड्यांत, भरून भरतीबरोबर वर आणायचा आणि धक्क्यावर उतरवायचा. पूर्वेला पाचलवरून अणुस्कुरा घाट चढला की मलकापूर, पुढे कोल्हापूर. होडी जिथवर चढते आणि पाठीवर ओझं घेतलेला बैल जिथवर उतरतो, ती जागा म्हणजे राजापूर. कोदवली नदी गावातच अर्जुनेला मिळते आणि या दोघींच्या बेचक्यात पेठ वसली आहे.

सतराव्या शतकात हे आदिलशाहीचं नावाजलेलं बंदर होतं. रायबागेची मिरी, हुबळीकडचं कापड घाट उतरून यायचं आणि इथून अरबी समुद्रापलीकडे जायचं. हा धंदा बघूनच इंग्रजांनी १६४९ मध्ये इथे वखार घातली. मागोमाग फ्रेंच आले. गुजर व्यापाऱ्यांची वस्ती होती ती गुजराळी, आजही त्याच नावाने ओळखली जाते.

आता वखारीची गोष्ट, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला. तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि दारूगोळा घेऊन वेढ्यात सामील झाला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे टाकू लागला. व्यापाराला आलेल्यांचं हे कामच नव्हतं. महाराज जुलैत वेढ्यातून निसटून विशाळगडाला पोहोचले. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केली आणि तसेच दक्षिणेला वळून दाभोळ, चिपळूण, संगमेश्वर करत मार्चमध्ये राजापुरात उतरले. वखार लुटली, पुरलेलं धन सापडेल म्हणून जमीन खणली, रेव्हिंग्टन आणि त्याच्या साथीदारांना धरून नेलं.

कैदेतल्या या लोकांना सुरतेच्या वरिष्ठांनी १६६२ मध्ये जे पत्र पाठवलं, ते वाचण्यासारखं आहे. आशय असा की, तुम्ही तुरुंगात का पडलात हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना नाही, तर पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांचं निशाण लावून गोळे उडवल्यामुळे. खुद्द मालकांनीच नोकरांच्या पदरात चूक घातली. रेव्हिंग्टन लवकरच वारला, बाकीचे १६६३ मध्ये सुटले. नुकसानभरपाईचं घोंगडं राज्याभिषेकापर्यंत भिजत पडलं. जून १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हाच्या तहात राजापूरपोटी १०,००० होन (सोन्याची नाणी) ठरले, आणि वखार पुन्हा उघडायची परवानगीही इंग्रजांनी त्याच वेळी मागून घेतली.

त्या स्वारीत गावातले सावकार-व्यापारीही भरडले गेले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण एवढा मार खाल्लेले इंग्रज पुन्हा त्याच धक्क्यावर जागा मागतात, यावरून पेठेचं वजन कळतं.

पुढे १७१३ मध्ये राजापूर आंग्र्यांकडे गेलं, १७५६ मध्ये पेशव्यांकडे आणि १८१८ नंतर इंग्रजांकडे. धनी बदलत राहिले. पेठ मोडली ती मात्र कुठल्या धन्यामुळे नाही, गाळामुळे. डोंगर उघडे पडले, दर पावसाळ्यात माती खाली येऊ लागली आणि नदीचं पात्र भरत गेलं. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये राजापूरचं वर्णन कोकणातलं सर्वांत जुनं दिसणारं आणि सर्वांत चांगलं टिकलेलं शहर असं आहे : चढाचे अरुंद रस्ते, फरसबंदी आणि वरून छप्पर घातलेला बाजार. आणि त्याच नोंदीत हेही आहे की मोठी जहाजं जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाहीत. गाव शाबूत होतं, नदी आटली होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की राजापूरचा इतिहास १६६१ च्या मार्च महिन्यात गोठवून ठेवू नका. तो नदीच्या खोलीवर वाचला पाहिजे.


कोंढेतड

छान धागा. आम्ही पुलापलीकडचे, त्यामुळे पेठ कायम समोरून बघितली.

गाळाचं म्हणालात ते आमच्या रोजच्या जगण्यातलं आहे. ज्या गाळाने बंदर मारलं तोच आता बाजार बुडवतो. पात्राला खोली नाही, त्यामुळे घाटमाथ्यावर दोन दिवस धरून पाऊस लागला की अर्जुना आणि कोदवली एकदम फुगतात आणि पाणी थेट जवाहर चौकात. वर भरती असेल तर खाडी पाणी घेत नाही, मग ते तासन्‌तास तसंच उभं.

माझ्या काकांचं चौकाजवळ किराणा दुकान. पाणी चढायला लागलं की नगरपरिषदेचा भोंगा होतो. तो ऐकला की आधी खालच्या फळीवरची साखर आणि गूळ माळ्यावर, मग तांदळाची पोती. तेलाचे डबे सगळ्यात शेवटी, ते भिजले तरी चालतात. वजनकाटा आणि उधारीची वही काका स्वतःच्या हातात ठेवतात, दुसऱ्या कुणाला देत नाहीत. पाणी ओसरलं की भिंतीवर कोळशाने रेघ मारायची आणि बाजूला साल. दुकानाच्या आतल्या भिंतीवर अशा रेघा एकावर एक आहेत. २०१९ आणि २०२१ च्या रेघा माझ्यासमोर मारलेल्या. नंतर दोन दिवस चिखल खरवडायचा. तो चिखल साधा नसतो, लाल आणि बारीक, कापडाच्या गाठोड्यात शिरला तर डाग जन्मभर जात नाही.


घाटवाटा_भटक्या

अणुस्कुऱ्याबद्दल थोडं. आताचा डांबरी रस्ता वेगळा. जुनी पायवाट येरडवकडून चढते आणि तिच्यावर काही ठिकाणी मोठमोठ्या दगडांची फरसबंदी शिल्लक आहे. पायऱ्या माणसाच्या पावलाच्या मापाच्या नाहीत, लांब आणि कमी उंचीच्या आहेत. लादलेल्या बैलाला सोसेल असा चढ धरलेला आहे. कडेचे दगड खुरांनी घासून गुळगुळीत झालेत. उतरताना तिथे बसून हात फिरवून बघा.

वरून धान्य, गूळ, मिरची यायची आणि खालून मीठ, खोबरं, सुकी मासळी जायची. मिरी आणि कापड हा झाला मोठ्या व्यापाऱ्यांचा माल, पण घाट वर्षभर जिवंत ठेवला तो मीठ आणि धान्याने, असं माझं मत आहे. पाचल आणि रायपाटणचे बाजार याच वाटेवरचे. राजापूरला पोहोचायच्या आधी तांड्यांना उतारा लागायचाच.


पेठकरीण

आमच्या घरी आजोबा अंग पुसायला राजापुरीच पंचा वापरायचे. मुंबईत दुसरा कुठला आणून दिला तर परत करायला लावायचे. पातळ, हातमागावरचा, दोन धुण्यांत मऊ होणारा. लोकांना राजापूर तोफांमुळे माहीत असेल, आमच्यासारख्या घरांना ते पंच्यामुळे माहीत होतं. बाजारपेठेचं नाव असंच घराघरात जातं. या कारागिरीबद्दल कुणी लिहिलं तर बरं होईल.

आणि गंगेबद्दल धागाकर्त्याने एका ओळीत का आटपलं? ते लिहा ना.


अर्जुनातीर

@पेठकरीण, गंगा लिहायला घेतली की बाकीचं राहतं, म्हणून थांबलो होतो. लिहितो.

जागा राजापूरपासून जवळच, उन्हाळे गावच्या वरच्या अंगाला. एकूण चौदा कुंडं. एरवी कोरडी. आणि एक दिवस, बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाला, वडाच्या मुळाशी असलेल्या मूळगंगेत पाणी दिसतं. बघता बघता बाकीची कुंडं भरतात आणि काशीकुंडाचं पाणी गोमुखातून पडायला लागतं. काही आठवडे, कधी महिने राहते आणि आली तशी जाते. ढोबळ मानाने तीन वर्षांचा फेरा, पण अलीकडे तिचं वेळापत्रक राहिलेलं नाही.

कथा अशी. गंगाजी साळुंखे नावाचा शेतकरी, पंढरीची वारी कधी न चुकवणारा. म्हातारपणी पाय चालेनात, वारी हुकली. शेतात वडाखाली बसून तो रडला, आणि त्याला स्नान घडावं म्हणून गंगाच तिथे वर आली. मला या कथेत आवडतं ते हे की गंगा राजासाठी किंवा ऋषीसाठी आली नाही, थकलेल्या वारकरी शेतकऱ्यासाठी आली.

आजी सांगायची की गंगा आल्याची बातमी आधी बाजारात यायची. कुणीतरी उन्हाळ्याहून धावत येऊन चौकात ओरडायचं, आणि तासाभरात फुलं, नारळ, चुरमुरे यांचे भाव बदलायचे. मग बायका पितळी तांबे घासायला काढायच्या, पाहुण्यांना पत्रं जायची. रीत अशी की उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर आंघोळ, मग गंगास्नान, आणि धोपेश्वरला मृडानीच्या धबधब्याशेजारी धूतपापेश्वराचं दर्शन. बारामतीचे कवी मोरोपंत १७८९ मध्ये इथे येऊन गेले आणि त्यांनी गंगेवर ‘गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन’ रचलं. तेव्हा तिचा लौकिक पार बारामतीपर्यंत होता.


लाल_कातळ

भूगोल शिकवतो म्हणून शास्त्राच्या बाजूने लिहितो. श्रद्धा दुखवायचा हेतू नाही.

सर्वसाधारणपणे मानलं जाणारं स्पष्टीकरण वक्रनलिकेचं आहे. जांभ्या कातळात पावसाचं पाणी झिरपतं आणि खाली पोकळीत साठत राहतं. पोकळीतून बाहेर पडायची वाट आधी वर चढते आणि मग खाली वळते. साठा त्या वळणाच्या उंचीपर्यंत भरला की पाणी आपोआप ओढलं जातं आणि पोकळी रिकामी होईपर्यंत वाहत राहतं. म्हणून येणं अचानक आणि जाणंही अचानक. खालचा गरम झरा ही वेगळी गोष्ट. उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे अशी गरम झऱ्यांची माळच सह्याद्रीला समांतर गेलेली आहे.

वेळापत्रक बिघडण्याबद्दल माझी शंका अशी की वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माणसाने जे केलं त्याचा यात वाटा असावा. झाडं गेली, सडे फोडले, पाणी मुरायच्या जागा बदलल्या. जी माती अर्जुनेत गेली आणि जे पाणी गंगेत यायचं, ते दोन्ही एकाच सड्यावरचं आहे.


दर्यावर्दी_मस्कत

सलाम सगळ्यांना. मूळ गाव जैतापूरकडचं, नोकरी मस्कतला. राजापूर आणि मस्कतचा एक धागा इथे कुणी ओढला नाही म्हणून लिहितो.

औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये संभाजीराजांच्या आश्रयाला आला. इथून दिल्लीवर चालून जायचे त्याचे बेत काही तडीस गेले नाहीत आणि १६८७ मध्ये त्याने राजापूरहून जहाज पकडलं. बेंडल नावाच्या इंग्रजाचं जहाज होतं. निघाला इराणच्या शहाकडे, पण आधी लागला मस्कतला. हिंदुस्थानचा शहजादा देश सोडतो तो सुरतेहून नाही, गोव्याहून नाही, तर आमच्या खाडीतून. मी रोज ज्या मत्रह बंदरावरून जातो तिथे उभं राहून हे आठवतं.

आमच्या घरातले जुने लोक तांडेल होते. आजोबा सांगायचे, मुंबईहून आगबोट मुसाकाजीला लागायची, राजापूरचे उतारू तिथे उतरायचे आणि लाँचने खाडीतून वर जायचे. भरती चुकली की लाँच मधेच गाळात बसायची आणि पुढच्या भरतीची वाट बघत सगळे तिथेच. डबे उघडायचे, ओळखी व्हायच्या, लग्नंसुद्धा जुळायची म्हणे.


सह्यकन्या

वखारीचं आता काय शिल्लक आहे? पुढच्या महिन्यात येणार आहे, मुलांना दाखवायची आहे.


कोंढेतड

@सह्यकन्या ताई, खरं सांगायचं तर मुलांना आधी समजावून न्या, नाहीतर नुसते दगड दिसतील. जुन्या नोंदींत खाडीपर्यंत आवार पोहोचलेली भक्कम दगडी इमारत म्हणून तिचं वर्णन आहे आणि एकोणिसाव्या शतकात तिथे सरकारी कचेऱ्या चालायच्या. आज पडझड आहे, झाडोरा माजलेला आहे. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर जपून, जनावर असतं.

त्यापेक्षा मुलांना कोदवलीवरचं सायबाचं धरण दाखवा. इंग्रजांच्या काळातलं, आणि त्या धरणाने पंपाशिवाय, नुसत्या उताराने गावाला पाणी दिलं. ते बघून मुलं प्रश्न विचारतात.


घाटवाटा_भटक्या

वखार जपायची की नाही यावर मागे गावात वाद ऐकला होता. एक जण म्हणाला, ज्यांनी पन्हाळ्यावर गोळे टाकले त्यांची इमारत कशाला राखायची?


अर्जुनातीर

राखायची, आणि त्याच कारणासाठी राखायची. महाराजांनी जी जागा खणली तीच जागा नाहीशी झाली तर ती गोष्ट सांगायची कुठे उभं राहून? गडांच्या डागडुजीसाठी लोक सुट्टी टाकून घमेली उचलतात, मी स्वतः गेलोय. बाजारपेठांच्या वाट्याला ते प्रेम येत नाही. धक्का, गुजराळीतली माडीची घरं, छपराखालचा जुना बाजार, यांना तटबंदी नाही म्हणून ती वारसा नाहीत असं आपण ठरवून टाकलंय. स्वराज्याला मीठ, कापड, शिसं, बंदुकीची दारू पुरवणारे हात याच पेठांत होते.


लाल_कातळ

याला पूर्ण अनुमोदन. आणि वारसा म्हणताना थोडं मागेही जावं. राजापूर तालुक्यातच बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीच्या कनकादित्याला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने दिलेल्या दानाचा ११९१ चा ताम्रपट आहे. शेजारच्या खारेपाटणला १००८ चा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला, आणि ते गावही असंच खाडीच्या आत दडलेलं बंदर, तेही गाळानेच संपलं. इंग्रज आले तेव्हा हा मुलुख व्यापारात मुरलेला होता.


पेठकरीण

खारेपाटणची तुलना अगदी बरोबर. मग एक प्रश्न : नदीतला गाळ काढायचं काम मधे जोरात झालं होतं ना? त्याने फरक पडला का?


कोंढेतड

पडला. जिथे पात्र मोकळं झालं तिथे पाणी चौकात चढायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, आणि तो वेळ दुकानदाराला फार मोलाचा. काकांची साखर-गुळाची फळी वाचते ती तेवढ्याच वेळात.

पण काढलेल्या गाळाचे ढीग काठावरच राहिले तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत नदीत जातो. तो लांब नेऊन शेतात टाकला पाहिजे. दुसरं, वर डोंगरात जेसीबी लावून उतार कापणं चालू राहिलं तर खाली कितीही उपसा करा. आमची मागणी दरवर्षी हीच असते की उपसा एप्रिलच्या आत संपवा आणि माती उचलून न्या. शीळ आणि गोठणे-दोनिवडेकडचा रस्ता तर अजूनही दर मोठ्या पुरात बंद होतो, तिकडच्या लोकांना विचारा.


दर्यावर्दी_मस्कत

गाळ उपसताना जुने लाकडी सांगाडे, नांगर वगैरे काही सापडतं का कुणाला? जुन्या धक्क्याजवळचा गाळ नुसता डंपरमध्ये भरून न देता कुणी जाणकाराने उभं राहून बघायला हवा. आमच्याकडे जैतापूरला म्हातारे शपथेवर सांगतात की खाडीच्या तळाशी गलबतं आहेत.


अर्जुनातीर

ही सूचना फार महत्त्वाची आहे. पुढच्या उपशाच्या आधी नगरपरिषद आणि पुरातत्त्व विभागाला मिळून एक निवेदन द्यावं असं वाटतं : धक्क्याच्या आसपासच्या पट्ट्यात यंत्र लावण्याआधी पाहणी करा, जे निघेल त्याची नोंद ठेवा, आणि वखारीच्या आवारातला झाडोरा काढून किमान एक माहितीफलक लावा. फलकावर रेव्हिंग्टनचं पन्हाळ्याचं प्रकरणही असावं आणि बंदराच्या व्यापाराचंही.

@कोंढेतड, काकांच्या दुकानातल्या त्या रेघांचे फोटो आणि प्रत्येकीची जमिनीपासूनची उंची मोजून देऊ शकाल का? निवेदनाला जोडता येतील. @घाटवाटा_भटक्या, फरसबंदी शिल्लक असलेल्या जागा नकाशावर खुणा करून पाठवा. @सह्यकन्या, आलात की गुरुवार साधा, आठवडा बाजार असतो.


सह्यकन्या

गुरुवारीच येते मग. मुलांना धक्क्यापासून चालत गुजराळीत नेईन. फोटो इथेच टाकते.